उचल, मुकादम आणि बाग

बागकामाच्या छोट्या व्यवसायात पगारावरची माणसे पाच-सात असतात, पण मालामागे राबणारे हात कितीतरी जास्त. पुण्यात सोसायट्यांच्या बागा करून देणारा ठेकेदार रोपे सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून आणतो, विटा भट्टीवरून, फरसबंदीचा दगड राजस्थानातून, कोकोपीट दक्षिणेतून. माती भरायला आणि लॉन अंथरायला मुकादमाने आणलेली टोळी असते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर मजूर कर्जाने बांधलेला असू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती आणि त्यांतली बहुतेक खासगी व्यवसायांत होती.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने मजुराला बांधून ठेवणारे कर्जच रद्द ठरवले. या कायद्याची व्याख्या बरीच व्यापक आहे. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतली म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे, दुसरीकडे काम धरता न येणे, मोकळेपणी कुठे जाता न येणे किंवा आपल्या मेहनतीचा माल बाजारभावाने विकता न येणे, यांपैकी एक गोष्टही वेठबिगारी ठरायला पुरते. साखळदंड किंवा मारहाण लागत नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांसंबंधीच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले, की पोटाच्या गरजेपोटी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत केलेले काम हेही सक्तीचेच श्रम होत.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते वीटभट्टीवर दिसते. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतली कातकरी कुटुंबे पावसाळा संपता संपता, हाताशी काम नसताना, भट्टीमालकाकडून बयाणा म्हणून उचल घेतात. समजा नवरा-बायकोच्या एका जोडीने ३० हजार रुपये घेतले. दिवाळीनंतर ती भट्टीवर येते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते. पण ती हातात पडत नाही, आठवड्याला फक्त खाण्यापुरती खर्ची मिळते. वही मालकाची आणि विटांची मोजणीही त्याचीच. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर अनेक भट्ट्यांवर तो तोटा मजुराच्या नावावर पडतो. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो आणि ‘अजून इतके फिटायचे आहेत’ असे सांगितले जाते. उरलेल्या आकड्यासाठी तीच जोडी पुढच्या वर्षी पुन्हा येते. मुले बरोबर आलेली असतात. त्यांची शाळा तुटते आणि लहान हात विटा उलटायला लागतात. बागेच्या वाफ्याला लागणारी वीट इतकी स्वस्त का पडते, याचे उत्तर बरेचदा या वहीत असते.

दगडाची गोष्टही अशीच आहे. राजस्थानातल्या बुंदी जिल्ह्यात बुधपुरा भागात वालुकाश्माचे छोटे चौकोनी ठोकळे हाताने छिन्नीने घडवले जातात. ते युरोपातल्या बागांपर्यंत आणि रस्त्यांपर्यंत पोचतात. घराच्या अंगणात बसून मुलेही हे काम करताना आढळली आहेत. खाणीतल्या धुळीने मोठ्यांना सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, कमावता माणूस अंथरुणाला खिळतो आणि औषधपाण्यासाठी काढलेले कर्ज घरच्यांना पुन्हा त्याच खाणीशी जखडते.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना पुरवठा साखळीतल्या अशा शोषणाबाबत जाहीर निवेदन देणे बंधनकारक केले. भारतात शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमांनुसार आघाडीच्या १,००० सूचिबद्ध कंपन्या जो वार्षिक अहवाल देतात, त्यात सक्तीच्या श्रमाचे आणि बालमजुरीचे प्रश्न असतात. छोटा ठेकेदार यांत थेट येत नाही, पण आयटी पार्कची बाग सांभाळताना हाच प्रश्न गिऱ्हाइकाकडून त्याच्यापर्यंत येतो.

ठेकेदाराला उपायांची सुरुवात स्वतःच्या दरापासून करावी लागते. किमान वेतन आणि वर मुकादमाचे कमिशन एवढी बेरीजही बसणार नाही अशा दराने कोणी माणसे देत असेल, तर फरक मजुराच्या खिशातून निघतो. तो दर मान्य करणारा ठेकेदार त्या अन्यायात भागीदार आहे. मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यात जावी, बाईची तिच्या खात्यात. जोडीचे पैसे नवऱ्याला देण्याची रीत सोडायला हवी. आधार आणि एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असता कामा नये. उचल द्यावीच लागते, कारण आजारपण आणि लग्नकार्य थांबत नाही. मात्र ती बिनव्याजी, लेखी आणि थोडकी असावी, दरमहा ठरावीक लहान हप्ता कापावा, आणि मजूर काम सोडून निघाला तर बाकीपायी त्याला अडवू नये. सोसायटीने बिल तीन-तीन महिने लटकवले की ठेकेदार मुकादमाचे पैसे थांबवतो आणि मुकादम मजुरांचे. म्हणून मजुरीपुरती रक्कम वेगळी काढून ठेवणे हाही प्रतिबंधच आहे.

पुरवठादारांत सगळ्यांना एकसारखे तपासत बसण्यापेक्षा वीट, दगड आणि मजूर पुरवणारा यांच्याकडे आधी जावे. भट्टी पाहायची तर हंगाम चालू असताना, आणि मजुरांशी मुकादमाच्या माघारी बोलावे. उचल किती घेतली, किती फिटली, वही कधी दाखवतात, मयतीला गावी जाता येते का, मुले दिवसा कुठे असतात, एवढे विचारले तरी चित्र उभे राहते. दर वेळी मुकादमच उत्तर देत असेल, तर तीही खूणच.

वेठबिगारी आढळली तर मालकाला तिथेच जाब विचारू नये. रातोरात मजूर हलवले जातात. गुपचूप पुरवठादार बदलणेही बरोबर नाही, कारण माणसे आतच राहतात. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करावी. मूल असेल तर १०९८ या हेल्पलाइनवर. चौकशीनंतर मजुराला मुक्ततेचा दाखला मिळतो. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, तर अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे, शिवाय तातडीची मदत वेगळी. मोठी रक्कम गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली असल्याने ती अनेकांना वर्षानुवर्षे मिळत नाही. कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने कर्ज देणाऱ्यावर टाकला आहे, तरीही खटल्यात कागद लागतोच. ठेकेदाराकडची विटांची बिले, ट्रकच्या पावत्या आणि भट्टीवरच्या भेटीच्या नोंदी तिथे कामी येतात, म्हणून त्या खटला संपेपर्यंत जपून ठेवाव्यात.