गोठ्यातली लाळ आणि उसातला बिबट्या

गाय सकाळपासून वैरणीला तोंड लावत नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबताहेत, हंबरणं घोगरं झालंय. संगमनेर तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर पहिला अंदाज एकच निघतो: घशात काहीतरी अडकलंय. मालक बाही वर सारून हात थेट घशापर्यंत घालतो. हाताला काहीच लागत नाही.

घसा लुळा पडणं हे जनावरांतल्या रेबीजचंही लक्षण असतं आणि त्या लाळेत विषाणू असतो. बोटावर विळ्याची ताजी चीर असली, तर तेवढी वाट त्याला पुरते. ‘पिसाळणं म्हणजे अंगावर धावून येणं’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. गाय-म्हैस कित्येकदा नुसती सुस्त होते, लाळ गाळत राहते. काही आठवड्यांपूर्वी गोठ्यात शिरून तिला चावलेलं कुत्रं तोवर कुणाच्या लक्षातही नसतं.

अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकाला बोलवा. हात घातला गेलाच असेल किंवा कुत्रं चावलं असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेत हळद, चुना, तिखट भरू नका. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा काळ केव्हाच गेला. आता दंडात चार-पाच पुरतात. रक्त आलेल्या जखमेत त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. लक्षणं दिसू लागली की मात्र माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नका. दुधाची भीतीही अनेकांना असते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही; पण आजारी गाईचं दूध डेअरीला घालूच नये.

आता हेच कुत्रं उसाच्या बांधावर पाहा.

‘वस्तीवर कुत्री असली की बिबट्या फिरकत नाही’ असं आपण मानतो. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे मोकाट कुत्री राखण करत नाहीत, बिबट्याला बोलावतात. तो दरवेळी जंगलातून भरकटून आलेला असतो, हेही खरं नाही. उसात जन्मलेल्या बछड्यांचं घर ऊसच असतं.

‘पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा’ ही मागणी मी समजू शकतो. ज्याच्या अंगणात लेकरू खेळतं, त्याला धीर कसा धरवेल? पण जुन्नर भागात 2001 ते 2003 दरम्यान बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. त्यापेक्षा मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरणं जास्त कामाचं. कुक्कुटपालनाच्या या तालुक्यात कुत्र्यांची पोटं भरतात ती अशाच ठिकाणी.

‘हे एका खात्याचं काम’ हा मला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. माणसाची लस आरोग्य केंद्रात, गाईची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यात, बिबट्या वन विभागाकडे, मोकाट कुत्र्यांची नसबंदी स्थानिक संस्थेकडे. गायीला रेबीज झाल्याची खबर आरोग्य केंद्रापर्यंत पोचलीच नाही, तर त्या गोठ्यातली माणसं लसीविना राहतात. गोव्यात सरकार, पशुवैद्यक, स्वयंसेवी संस्था आणि शाळा एकत्र आल्या, दारोदार जाऊन कुत्र्यांना लस टोचली. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं, तोवर सलग तीन वर्षं तिथे एकही माणूस रेबीजने दगावला नव्हता. साखळी तोडायला साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते.

कुठलं मोकाट कुत्रं कुणाच्या हातची भाकरी खातं, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं. म्हणून लसीकरणाचा पहिला निरोप भाकरी टाकणाऱ्या बाईला जायला हवा. तिच्या हाकेला कुत्रं येतं, गाडीतून उतरलेल्या माणसाला पाहून ते उसात पळतं.