रेडिओत काम करायचंय, तर काय करावं लागतं?

आम्ही गटाच्या बैठकीला गेलो की हिशोबाची वही मिटल्यावर कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, तुमच्या रेडिओवर आमच्या पोरीला घ्याल का?" कधी पोरगी खरंच बारावी होऊन घरी बसलेली असते. कधी विचारणारीलाच यायचं असतं आणि ती पोरीचं नाव पुढे करते. आज दोघींसाठीही बोलतो.

पहिली अडचण सगळ्याजणी एकच सांगतात, "आमची भाषा गावठी." अहो, सामुदायिक रेडिओच्या नियमातच आहे की निदान निम्मे कार्यक्रम त्याच भागात तयार झालेले असावेत, आणि शक्यतो तिथल्या भाषेत, बोलीत असावेत. आमचं केंद्र फार तर दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जातं. तेवढ्या गावांत ज्या भाषेत बाजार भरतो तीच आमची भाषा. 'ण'ला 'न' म्हणणारी बाई आम्हाला चालते. तोंडातल्या तोंडात बोलणारी चालत नाही.

तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, माचनूर नावाचं गाव आहे. तिथल्या संघम रेडिओचं काम दलित शेतकरी, शेतमजूर बायकांनी उभं केलं. जनरल नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा या दोघी त्यात पुढे होत्या. परवाना नव्हता तेव्हाही त्या थांबल्या नाहीत. गाणी, बियाण्यांची माहिती, म्हाताऱ्यांच्या आठवणी कॅसेटवर भरायच्या आणि संघमच्या बैठकीत वाजवून दाखवायच्या. अशी कित्येक वर्षं गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांना रेडिओ चालवायची मुभा दिली आणि १५ ऑक्टोबर २००८ ला, ग्रामीण महिला दिनी, त्यांचं केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत गेले होते. हवेतल्या लहरी ही सर्व जनतेची मालमत्ता आहे, हा १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांचाच. आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. जवळ राहत असाल तर एकदा जाऊन पाहा.

आता शिरायचं कुठून? आकाशवाणीच्या जिल्ह्याच्या केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक घेतात. जागा निघाल्या की जाहिरात येते, मग लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. निवड झाली तरी ती कायमची नोकरी नव्हे. महिन्यातले काही दिवस बोलावतात आणि तेवढ्याचंच मानधन मिळतं. सामुदायिक केंद्रावर परीक्षा नसते. आधी स्वयंसेविका म्हणून यायचं, काम शिकायचं, टिकलात तर मानधन सुरू होतं. स्वतःचंच केंद्र काढू म्हणाल, तर परवाना एकट्या माणसाला मिळत नाही. निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था लागते.

टीव्हीचं सांगायचं तर गावोगावी केबलची छोटी चॅनेलं आहेत आणि त्यांना मोबाइलवर चित्रण करून देणारी मुलं-मुली लागतात. पण सांभाळून. आमच्या ओळखीतल्या एका मुलीकडून ओळखपत्रासाठी आधी पैसे घेतले, आणि मग बातमीऐवजी जाहिराती आणायला पाठवलं. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर चहा पिऊन उठून या.

लोकांना वाटतं रेडिओ म्हणजे माईकसमोर बसणं. दहा मिनिटांच्या कार्यक्रमामागे आमचा अख्खा दिवस जातो. गावात जायचं, बोलणारी शोधायची. तिच्या घरातला पंखा बंद करायचा, कुकर उतरवायला सांगायचा, कोंबड्या हाकलायच्या. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला धरायचा, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतात. कानाला हेडफोन हवाच. आमच्या एकीने हेडफोन न लावता पाऊण तास मुलाखत घेतली, आणि घरी येऊन ऐकते तर नुसता वारा. बोलणं संपलं की अर्धा मिनिट गप्प राहून तिथली शांतता भरून घ्यायची. पुढे दोन वाक्यं जोडताना ती उपयोगी पडते.

प्रश्नसुद्धा "पाणी येतं का?" असा विचारला तर "येतं" एवढंच उत्तर मिळतं. "काल पाणी कसं भरलंत?" विचारा, बाई पहाटेपासून सांगायला लागते.

लिहिणं वेगळंच शिकावं लागतं. ऐकणारीच्या हातात पीठ असतं, तिला मागचं वाक्य परत वाचता येत नाही. म्हणून वाक्य लहान ठेवायचं, आणि आकडा एकावेळी एकच द्यायचा. आम्ही राजकारणाच्या स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाही. पण वीज कधी जाणार, लसीकरण कुठे, प्रवेश कधी सुरू, वादळाचा इशारा, हे सांगता येतं. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, त्यामुळे फाइलला तारीख आणि गाव न लिहिणारी मुलगी आमच्या शिव्या खाते.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती आमची आहे. गटाच्या कर्जावर एक ताई आमच्याशी मनमोकळं बोलल्या. बोलता बोलता घरातल्या दारूचंही बोलल्या. रेकॉर्डिंगला त्यांची परवानगी होती. आम्ही नाव घेतलं नाही, आणि वाटलं झालं काम. पण पाच मैलांत कुणाचा आवाज ओळखू येत नाही? कार्यक्रम लागला तेव्हा त्यांचे दीर चावडीवर होते. पुढचे तीन महिने त्या गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तर दारातूनच म्हणाल्या, "तुमचा कार्यक्रम चांगला झाला, पण मी त्यात राहते." तेव्हापासून जोडलेलं रेकॉर्डिंग बोलणारीला ऐकवल्याशिवाय आम्ही लावत नाही. ती म्हणाली "हे काढा", तर काढतो. कधी कधी त्यात सगळ्यात चांगलं वाक्य जातं. जाऊ दे. नवीन येणाऱ्या मुलीला आम्ही मशीनच्या आधी हे शिकवतो.

आणि पैसे. सामुदायिक केंद्रावर मिळणाऱ्या मानधनावर संसार चालत नाही. आमच्यातल्या दोघी शिलाई करतात, एकीची दूधगाय आहे. जाहिराती मिळाल्या तर महिना बरा जातो. पण हात बसला की आजूबाजूची कामं येतात. यात्रेचं निवेदन, कृषी मेळाव्याचं सूत्रसंचालन, संस्थांच्या माहितीफितींना आवाज देणं. त्या कामाचा दर आधी ठरवा आणि कागदावर घ्या. "ताई, तुमचंच काम आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

घरच्यांचं काय, हेही विचारलं जातं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचा ठाम विरोध होता. आम्ही त्यांचीच जात्यावरची ओवी भरून घेतली. आता कार्यक्रमाच्या वेळेला त्या सुनेला हाक मारतात, "अगं, उशीर होतोय."

यायचं ठरलं असेल तर रिकाम्या हाताने येऊ नका. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर बाईला विचारा, "तुमच्या लग्नात जेवायला काय होतं?" मोबाइलवर पाच मिनिटं भरून घ्या, मधे एकदाही तोंड घालू नका. ते तिला ऐकवा, ती हो म्हणाली तर आमच्याकडे आणा. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, आम्ही दुपारी दोननंतर केंद्रावरच असतो.