तीन मिनिटांची प्रार्थना

कांजूरमार्गहून धीम्या लोकलने मुंबईकडे निघालो की शेवटून दुसरे स्टेशन मशीद. ही मशीद कोणती, असे सहसा कोणी विचारत नाही. पुष्कळ जण सांगतात की ती मुसलमानांची नव्हे, यहुद्यांची. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले, आणि मराठी बोलणारे आपले बेने इस्रायल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. या मशिदीत जो पुढे उभा राहून सर्वांच्या वतीने प्रार्थना गातो, तो हझान. आज बोलायचे आहे ते हझानांच्या गाण्याविषयी, विशेषतः शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्यांवर उरलेल्या गाण्याविषयी.

या तबकड्या बहुतेक पूर्व युरोपातल्या हझानांच्या. वॉर्सातले गेर्शोन सिरोटा, युक्रेनमध्ये जन्मून पुढे न्यूयॉर्कला गेलेले योसेले रोझेनब्लाट ही त्यांतली मोठी नावे. पहिल्यांदा ऐकताना खरखर ऐकू येते आणि त्यातून एकदम एक आवाज वर चढतो. शब्द हिब्रू, आपल्याला कळत नाहीत. पण कान मात्र दचकतो, कारण सूर ओळखीचे वाटतात. या गायकीतल्या एका प्रमुख स्वरमालिकेत रिषभ, धैवत आणि निषाद कोमल, गंधार आणि मध्यम शुद्ध असतात. म्हणजे आपल्या बसंत मुखारीचेच स्वर! राग तोच आहे असे मी म्हणणार नाही, चलन अगदी वेगळे आहे. पण शब्बाथच्या संध्याकाळचे स्वर वेगळे, सकाळचे वेगळे, मोठ्या सणांचे वेगळे, ही शिस्त तिथेही आहे, आणि रागसमय मानणाऱ्या आपल्या मंडळींना ती समजावून सांगावी लागत नाही.

खरी गंमत हुंदक्यात आहे. स्वर लांबवता लांबवता हझान तो मध्येच किंचित मोडतो. गळा भरून आल्यासारखा. ही चूक नव्हे, कमावलेली गोष्ट आहे. रोझेनब्लाट यांचा आवाज तर भरदार पट्टीतून एकदम बारीक, लहान मुलासारख्या पट्टीत जाई आणि सांधा कुठे आहे ते कळत नसे.

आता हे सगळे ध्वनिमुद्रित कसे होई? १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून गाई, चढा स्वर आला की मागे सरे. तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांची. सिनेगॉगमध्ये जी प्रार्थना ऐसपैस चाले, ती एवढ्यात बसवायची. म्हणून या तबकड्यांत आलाप थोडा आणि कळस लवकर. शिवाय, हझानाच्या मागे सतत चालणारी माणसांची पुटपुट त्यात नाही. तो एकटाच गातो, आणि उत्तर येत नाही.

सर्वांना हे रुचले नव्हते. देवाचे नाव असलेली प्रार्थना कुणी कुठेही, दारूच्या गुत्त्यातही वाजवील, ही धास्ती होती. ओडेसाचे नामवंत हझान पिंखास मिन्कोव्स्की यांनी तबकड्यांविरुद्ध जोरदार लिहिले. कित्येक जण मुद्रणात देवाचे नाव थोडे बदलून उच्चारत. आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी नाही, ते आठवते. रोझेनब्लाट यांनी भरपूर तबकड्या केल्या, पण शिकागोच्या ऑपेराने एका प्रयोगाला हजार डॉलर देऊ केले तेव्हा नकार दिला. पुढे कर्जापायी त्यांना नाट्यगृहांतून गावे लागले, तरी १९२७च्या ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटात प्रार्थना गायला ते तयार झाले नाहीत. दुसरेच एक गीत गायले.

सिरोटा अमेरिकेत गाजले आणि वॉर्साला परतले. १९४३ मध्ये तिथल्या घेट्टोत त्यांचा अंत झाला. ज्या भव्य सिनेगॉगमध्ये ते गात, ते त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनांनी सुरुंगाने उडवले. ऐकणारे गेले, वास्तू गेली, तबकडी राहिली. मिन्कोव्स्कींची धास्ती मला पटते, पण त्यांचे म्हणणे सगळ्यांनी ऐकले असते तर आज काय उरले असते?

आपल्या बेने इस्रायलांच्या चाली निराळ्या. कोचीनच्या आणि बगदादच्या यहुद्यांकडून त्यांनी बरेच घेतले. गाणे एकट्याच्या करामतीचे नाही, सगळ्यांनी मिळून म्हणण्याचे. १८८०च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तर बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तनेच सुरू केली. यातले तबकडीवर फार थोडे आले. १९३०च्या दशकात मुंबईत मुद्रित झालेली काही यहुदी गाणी जुन्या तबकड्यांवरून २००९ मध्ये ‘शीर होदू’ या सीडीत आली. शीर म्हणजे गाणे, होदू म्हणजे हिंदुस्थान.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. पण कांजूरमार्गहून उलट दिशेची लोकल धरली तर चौथे स्टेशन ठाणे, आणि तिथे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग आजही उभे आहे. तिथली प्रार्थना तीन मिनिटांत आटपत नाही.