तुसाची पांढरी राख

हमरापूर गावात माणसं येतात ती गणपतीच्या मूर्ती बघायला. मी गेलो भाताच्या गिरणीमागच्या ढिगाकडे. तूस ओंजळीत घेतलं तर कुरकुरतं, मुठीत दाबलं तरी दबत नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. कापणीत भाताच्या पातीने हात खरचटतात, त्याचंही कारण तेच: रोप मुळांवाटे सिलिका घेतं आणि पानांत, तुसात साठवतं.

ही सिलिका मिथेन जाळण्याच्या कामी येते. मिथेन मोठ्या ज्योतीने जाळला की तापमान दीड हजार अंशांपलीकडे जातं आणि हवेतल्याच नायट्रोजनपासून घातक ऑक्साइडं तयार होतात. पॅलॅडियम या धातूच्या सान्निध्यात तोच वायू चारशे-पाचशे अंशांना, ज्योतीवाचून जळतो. पण पॅलॅडियम महाग. ते चिमूटभरच घेऊन बारीक कणांनी पसरायचं, तर बसायला सच्छिद्र बैठक हवी. ती तुसातल्या सिलिकेची करता येते.

बैठकीची पहिली पायरी मी घरी करून पाहिली. पाव किलो तूस पत्र्याच्या डब्यात पेटवलं. भरपूर धूर, आणि शेवटी बाहेरून करडी, आतून काळीकुट्ट राख. राखुंडीला चालली असती. पुन्हा तापवली, तरी काळं जाईना. तुसातलं पोटॅशियम तापलं की सिलिका लवकर वितळू लागते आणि त्या काचेत कोळसा कोंडला जातो. मग कितीही जाळा.

दुसऱ्या खेपेला तूस वाण्याकडच्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात उकळलं, चार पाण्यांनी धुतलं, वाळवलं आणि मंद आचेवर दुपारभर ठेवलं. (घरच्यांनी खिडक्या उघडल्या आणि मला अंगणात हाकललं.) या वेळी राख पांढुरकी निघाली. गंमत म्हणजे तुसाचा आकार जसाच्या तसा होता, नुसता सांगाडा. फुंकर मारताच मोडला.

पुढचं प्रयोगशाळेचं काम. तिथे भट्टी सहाशे-सातशे अंशांवर रोखतात. आच फार चढली तर सिलिकेचे स्फटिक होतात, छिद्रं बुजतात, आणि ती धूळ फुप्फुसांना वाईट. राख कॉस्टिक सोड्यात विरघळवून, आम्ल घालून तिची जेली करतात. ती धुऊन वाळवली की बैठक तयार.

मात्र तूस फुकट म्हणून सगळं स्वस्त, असं नाही. सिलिका पॅलॅडियमला घट्ट धरत नाही. उष्णतेने कण एकमेकांना चिकटतात. गोबरगॅसमध्ये मिथेनबरोबर येणारा हायड्रोजन सल्फाइड तर धातूला निकामीच करतो, म्हणून वायू आधी लोहाच्या भुकटीतून गाळावा लागतो. माझ्या मते खरी मेहनत राखेत नाही, ती वायू स्वच्छ करण्यात आहे.

राखेचं म्हणाल, तर शंभर किलो भात भरडलं की वीस किलोच्या आसपास तूस निघतं आणि त्याची राख होते चारेक किलो.