चित्र अडते, आवाज हरवतो तेव्हा
घरच्या संगणकावरील व्हिडिओ कॉल आणि त्यातील नेहमीच्या अडचणी

नोकरीधंद्याच्या निमित्ताने घरची माणसे चार दिशांना पांगावीत, हा आज बहुतेक कुटुंबांचा अनुभव आहे. आईवडील बेळगावात किंवा सोलापुरात, मुलगा बंगळूरला आणि मुलगी परदेशी, अशी घरे आता कोणत्याही गल्लीत आढळतात. बंगळूर तर मराठी माणसाला शहाजीराजांच्या जहागिरीपासून परिचयाचे. माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगाने गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील किती तरी तरुण कुटुंबे तेथे नेऊन वसविली आहेत. पूर्वी अशा कुटुंबांना पत्राचा आधार असे, आणि फारच निकड असली तर ट्रंक कॉलचा. आज बंगळूरच्या नातवाने टाकलेले पहिले पाऊल सोलापूरची आजी संगणकाच्या पडद्यावर त्याच क्षणी पाहू शकते.

परंतु ही सोय नेमकी हवी त्या वेळी दगा देते, असाही आपला अनुभव असेल. चित्र गोठते, आवाज तुटतो, नाही तर पडदा काळा पडून राहतो. मग दोन्हीकडून ‘ऐकू येतंय का?’ एवढेच विचारले जाते आणि मनातले बोलायचे राहून जाते. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. वैद्यकीय सल्ला, नोकरीची मुलाखत, मुलांचा अभ्यास, क्वचित न्यायालयातील सुनावणीही आता याच मार्गाने होते. ई-संजीवनी या शासकीय सेवेतून एप्रिल २०२० पासून रुग्णांना घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. अशा वेळी कॉल बंद पडला, तर गोंधळलेला माणूस मदत करू म्हणणाऱ्या कोणाही अनोळखी व्यक्तीच्या हाती आपला संगणक सोपवतो. धोका खरा तेथे आहे. यातील पुष्कळसे दोष घरातल्या घरात आणि विनाखर्च दूर होणारे असतात. ते कोणत्या क्रमाने शोधावेत, एवढे मात्र ठाऊक असले पाहिजे.

बंगळूरच्या सुपुत्राची देणगी

दोष समजण्यासाठी यंत्राची रीत थोडी समजून घेऊ. पडद्यावरील चित्र हे असंख्य रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे साधे चित्र घेतले, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ अंक दिले आणि अशी ३० चित्रे दर सेकंदाला पाठवायची म्हटली, तर सेकंदाला सुमारे २२ कोटी अंक धाडावे लागतील. प्रत्यक्षात मात्र असा साधा कॉल सेकंदाला सहा लाख अंकांच्या आसपासही नीट चालतो. उरलेले अंक जातात कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत एका बंगळूरकराचे नाव अग्रभागी आहे. १९४० साली बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी, आज विश्वेश्वरय्यांचे नाव धारण करणाऱ्या तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ साली पदवी घेतली आणि पुढील अध्ययनासाठी ते अमेरिकेस गेले. चित्रातील माहिती आटोपशीर करण्याची एक गणिती युक्ती त्यांना सुचली. तीवर संशोधन करण्यासाठी १९७२ साली त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, पण ते नाकारण्यात आले. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्या समवेत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला. १९८८ साली दूरध्वनीच्या तारांवरून चित्र पाठविण्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्याचा पाया ही पद्धती होती. आजच्या व्हिडिओ कॉलमध्येही तिचेच वंशज काम करीत आहेत.

युक्ती अशी, की चित्राचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील ठळक छटा राखावयाच्या आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे गाळावयाचे. शिवाय मागील चित्राहून जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पाठवावयाचा. मार्ग अरुंद झाला की बारकावे अधिकाधिक गाळले जातात, आणि म्हणूनच चेहरा चौकडीच्या कापडासारखा दिसू लागतो. असे चौकोन दिसले, तर आपला कॅमेरा बिघडला असे समजू नका. अडचण बहुधा वाटेतील आहे. आपण स्थिर बसलो आणि पाठीमागे साधी भिंत ठेवली, तर बदलणारा भाग कमी होतो आणि त्याच मार्गावरून चित्र अधिक स्वच्छ जाते.

आधी आवाज, मग चित्र

कॉलमध्ये चित्र नसले तरी संभाषण चालते. आवाज गेला की सारेच संपते. यास्तव प्रथम आवाजाकडे लक्ष द्यावे.

समोरच्यास आपला आवाज ऐकू येत नसेल, तर कॉलच्या पडद्यावरील माइकच्या खुणेवर आडवी रेघ आहे का ते पाहा. रेघ असल्यास माइक आपणच बंद ठेवला आहे. रेघ नसूनही आवाज जात नसेल, तर कार्यक्रमाच्या सेटिंग्जमध्ये कोणता माइक निवडला आहे ते तपासा. संगणकाला स्वतःचा माइक असतो, कॅमेऱ्याला वेगळा आणि हेडफोनला तिसरा. आपण एकासमोर बोलत असतो आणि संगणक दुसऱ्याकडे कान लावून बसलेला असतो. ब्लूटूथचा हेडफोन दुसऱ्या खोलीत सुरू राहिला असेल, तर समोरच्याचा आवाज तेथे जातो आणि आपण मात्र स्पीकरला दोष देतो.

आपलेच शब्द क्षणभराने आपल्याला परत ऐकू येतात, ही तक्रार नित्याची आहे. येथे एक नियम ध्यानात ठेवावा: प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्या घरी सहसा दोष नसतो. आपला आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून बाहेर पडून त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि आपल्याकडे परततो. तेव्हा स्पीकर लहान करण्यास किंवा हेडफोन लावण्यास समोरच्यास सांगावे. एकाच खोलीत दोन यंत्रांवरून तोच कॉल लावला असेल, तर कर्कश किंकाळी उठते. त्यांपैकी एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत.

काळा पडदा

आपले चित्र दिसत नसेल, तर तपासणी कॅमेऱ्यापासूनच सुरू करावी. पुष्कळ लॅपटॉपांच्या कॅमेऱ्यावर सरकणारी बारीक झडप असते. पुसताना ती नकळत बंद होते. झडप उघडी असेल, तर परवानगी पाहावी. विंडोज ११ असलेल्या संगणकावर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात कॅमेरा आणि माइक यांसाठी निरनिराळी परवानगी असते. ब्राउझरमधून कॉल करीत असाल, तर पत्त्याच्या पट्टीच्या आरंभी असलेल्या खुणेवर टिचकी मारून तेथील परवानगीही पाहावी. कधी घाईत आपणच ‘नको’ म्हटलेले असते आणि संगणक ते निष्ठेने लक्षात ठेवतो.

परवानगी असूनही पडदा काळाच राहिला, तर दुसरा एखादा कार्यक्रम कॅमेरा अडवून बसला असण्याचा संभव असतो. सकाळच्या मुलाच्या वर्गाचा कार्यक्रम मागे उघडाच राहिला, तर संध्याकाळी आजोबांच्या कॉलला कॅमेरा मिळत नाही. नको असलेले सारे कार्यक्रम बंद करावेत आणि तरीही न जमल्यास संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. चित्र दिसते पण चेहरा काळवंडलेला आहे, असे असेल तर खिडकीकडे पाठ करून बसू नका. प्रकाश चेहऱ्यावर येऊ द्या.

आणखी एक छुपे कारण येथेच सांगितले पाहिजे. जुन्या संगणकातील छोटा सेल संपला की त्याची तारीख चुकते. तारीख चुकीची असली, तर सुरक्षित संकेतस्थळे त्याच्याशी संबंध जोडण्यास नकार देतात आणि कॉल लागतच नाही. कोपऱ्यातील तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हे पाहण्यास एक क्षण पुरतो.

वाटेतील अडथळा

कॅमेरा आणि माइक निर्दोष असूनही कॉल तुटत असेल, तर इंटरनेटचा मार्ग पाहावा. घरात राउटर कोठे ठेवला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. कपाटामागे किंवा जाड भिंतीपलीकडे ठेवलेल्या राउटरच्या लहरी क्षीण होतात. त्याच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून दूरवर जाते, पण शेजाऱ्यांच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्ह भट्टीची तिला बाधा होते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण तिचा पल्ला थोडा. संगणक राउटरच्या खोलीत असेल तर दुसरी निवडावी. शक्य असेल तर दोहोंना तारेने जोडावे, हे सर्वांत उत्तम.

त्याच वेळी घरात कोणी चित्रपट पाहत नाही ना किंवा मोबाइलवरील छायाचित्रे आपोआप वर चढत नाहीत ना, हेही विचारावे. आपले चित्र समोरच्यास कसे दिसते, हे आपल्या बाहेर जाणाऱ्या मार्गावर ठरते, आणि तो पुष्कळ ठिकाणी आत येणाऱ्या मार्गाहून अरुंद असतो. बोलणे उशिराने पोहोचून एकमेकांवर आदळत असेल, तर आपला कॅमेरा बंद करून पाहावे. केवळ आवाजास सेकंदाला लाखभर अंकांहूनही कमी मार्ग पुरतो. डॉक्टरांशी बोलत असताना हा उपाय विशेष उपयोगी. जखम किंवा पुरळ दाखविण्यापुरता कॅमेरा सुरू करावा आणि उरलेले बोलणे स्पष्ट आवाजात पुरे करावे.

फायबरच्या पेटीवर लाल दिवा दिसला, तर दोष बाहेरच्या तारेत असण्याचा संभव मोठा; सेटिंग्जची उलथापालथ न करता कंपनीला कळवावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावी राउटरपुरता छोटा बॅटरीसंच ठेवल्यास कॉल मध्येच तुटत नाही.

मदत कोणाची घ्यावी?

एवढे करूनही अडचण उरली, तर घरातील किंवा ओळखीच्या जाणत्या माणसास विचारावे. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या कोणत्याही क्रमांकावर ‘मदत केंद्र’ म्हणून विश्वास ठेवू नये. संगणकाचा ताबा दूरवरून घेऊ देणारा कार्यक्रम अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही बसवू नये. आपला पडदा ज्याला दिसतो, त्याला बँकेचा सांकेतिक क्रमांकही दिसतो. सभेचा दुवा आणि परवलीचा शब्द जपूनच द्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या अशाच दूरस्थ सुनावण्यांत समाजकंटकांनी शिरून अश्लील चित्रफिती दाखविल्या आणि न्यायालयाला ती सेवा काही काळ थांबवावी लागली. न्यायालयाची ही स्थिती, तर घराची काय कथा!

पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झाली आहे, कॉल बंद करू नका’ असे धमकावणारे ठगही पुष्कळ झाले आहेत. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. कॉल तत्काळ बंद करावा, घरच्यांना सांगावे आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पूर्वी दूरध्वनीशेजारी महत्त्वाच्या क्रमांकांचा कागद लावलेला असे. तसाच एक कागद आता संगणकाशेजारी लावावा. त्यावर क्रमाने लिहावे: माइकची खूण, निवडलेला माइक, कॅमेऱ्याची झडप, परवानगी, इतर कार्यक्रम, तारीख, राउटर, आणि खाली घरच्या जाणत्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक. घरातील वडील मंडळींना शेजारी बसवून एखाद्या निवांत रविवारी ही तपासणी त्यांच्याच हातून एकदा करून घ्यावी. मग पुढे कधी दवाखान्याचा कॉल मध्येच अडला, तरी त्यांना कोणा परक्याची वाट पाहावी लागणार नाही.