करिजिनीच्या तांबड्या घळींत

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी आमची कन्या व जावई संसार थाटून आहेत. एप्रिल महिन्यात नातवंडांना सुट्टी लागली, तेव्हा त्यांच्यासह आम्ही उभयता तंबू घेऊन करिजिनी राष्ट्रीय उद्यान पाहावयास निघालो. अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. मोटारीने दोन दिवस लागले. गावे मागे पडली, झाडे विरळ झाली, आणि शेवटी उरली ती तांबडी माती व स्पिनिफेक्स नावाच्या टोकदार गवताचे झुपके. तिकडे तेव्हा उन्हाळा सरलेला असतो. तरी ऊन मात्र आपल्या वैशाखातले!

डेल्स घळीजवळच्या तळावर आम्ही तंबू ठोकले. तेथे लाकडे पेटविण्यास बंदी असल्याने गॅसच्या शेगडीवरच भात शिजला. पाणी आम्ही बरोबर नेले होते. पिण्यासाठीच माणशी दररोज तीन-चार लिटर लागे. म्हणून तोंड धुतानाही पेला मोजून घ्यावा लागला.

वरून पाहता सारा माळ सपाट दिसतो. अगदी कडेशी जावे तेव्हा पायांखाली घळ उघडते. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्राचा तळ होता. त्यावर लोहाचे व गारेचे थर साचत गेले व त्यांचा कठीण खडक झाला. पुढे भूमी वर उचलली गेली आणि पाण्याने भेगाभेगांतून तो खडक चिरून सुमारे १०० मीटर खोल घळी कोरल्या. भिंतींवरील तांबडे-काळे पट्टे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले दिसतात.

दुसऱ्या दिवशी फोर्टेस्क्यू धबधबा पाहून आम्ही फर्न डोहाशी गेलो. वर भाजणारे ऊन. खाली मात्र उंबराच्या जातीच्या झाडांची सावली, नेचे व गार पाणी. बंजिमा, कुरामा व यिन्हावांगका हे येथील मूळ रहिवासी. हा डोह त्यांस पवित्र आहे. म्हणून तेथे ओरडू नये, उड्या मारू नयेत, असा संकेत आहे. मुलेही आपोआप हळू बोलू लागली.

तिसऱ्या दिवशी हँकॉक घळीच्या तोंडाशी पोहोचलो. तिच्या एका अरुंद भागात दोन्ही भिंतींवर हातपाय टेकीत पुढे सरकावे लागते. थोरल्या नातवाने त्याचाच ध्यास घेतला होता. इतक्यात दूर क्षितिजावर ढग दाटले. जावई थबकले व म्हणाले, “आज उतरायचे नाही.”

“पप्पा, इथे तर आकाश निळे आहे!” नातवाचे डोळे भरून आले.

“बाळा, पाऊस दूर पडला तरी त्या खडकात पाणी मुरत नाही. सारे पाणी घळीत उतरते, आणि तिथून पळायला वाट नसते.”

मग ऑक्सर नावाच्या कड्यावरून चार घळींचा संगम दाखवीत त्यांनी एक सत्य घटना सांगितली. २००४ साली एप्रिलमध्येच, हँकॉक घळीत जखमी झालेल्या एका पर्यटकास सोडविण्यास स्वयंसेवक उतरले होते. अकस्मात पुराचा लोंढा आला आणि त्यांपैकी जेम्स रीगन यांनी प्राण गमावले. त्या घळीतील एक डोह आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्या रात्री आमच्या तंबूवर थेंबही पडला नाही. सकाळी नातू रुसून बसेल, असे आम्हांस वाटले होते. त्याने एवढेच विचारले, “पप्पा, ते काका उतरलेच नसते तर?”

“तर जखमी माणूस एकटा राहिला असता. म्हणूनच आपण केवळ हौसेखातर धोका पत्करायचा नाही. आपल्याला काढण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी बापाला खाली उतरावे लागते.”

ती घळ आम्ही पाहिली नाही, याची खंत आता उरलेली नाही. आपल्या गावचे ओढेही पावसाळ्यात असेच फसवितात. मुलाचा हात धरून काठावरून मागे फिरणे, यात कमीपणा कसला?