भीमथडी : एक भूवेष्टित ‘देश’

‘देश’ या शब्दाने आज सार्वभौम राष्ट्राचा बोध होतो. मराठीत मात्र या शब्दाचे आणखी दोन अर्थ रूढ आहेत. कोकणाच्या विरोधी अर्थाने सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठार म्हणजे देश. आणि ‘देशमुख’, ‘देशपांडे’ या पदनामांत अभिप्रेत असलेला देश म्हणजे केवळ एक परगणा, काही गावांचा समूह. युरोपातील लिश्टेनश्टाइन हे सुमारे १६० चौरस किलोमीटरांचे भूवेष्टित राष्ट्र आपल्याला चिमुकले वाटते. पण देशमुखांचा ‘देश’ राष्ट्र नसतानाही देश होता. शिरूर व दौंड या तालुक्यांचा प्रदेश या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या प्रदेशाचे जुने नाव भीमथडी. थड म्हणजे तीर. गोदातीराला गंगथडी म्हणतात, तसेच हे नाव. लिश्टेनश्टाइनची पश्चिम सीमा ऱ्हाइन नदी आहे. तेथे नदी ही सीमारेषा होय. भीमथडी या नावात नदी हा प्रदेशाचा कणा आहे. आज भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड अशी विभागणी आढळते. कुकडीला पोटात घेणारी घोड नदी शिरूरजवळून वाहत पुढे भीमेस मिळते. शिरूर गावाला लोक घोडनदी म्हणतात ते तिच्यामुळेच. मुळा-मुठेचा भीमेशी संगम रांजणगाव सांडस येथे होतो.

नद्या इतक्या असूनही प्रदेश अवर्षणप्रवण आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. नदीकाठची जमीन काळी, तर माळावरची हलकी व खडकाळ. म्हणून बाजरी आणि ज्वारी ही येथील जिराईत पिके. अशा देशाचे भूवेष्टितपण केवळ समुद्राच्या अंतराने मोजता येत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, कर्ज सुलभ झाले. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि फेरआकारणीने सारा मात्र वाढला. दूरच्या बाजाराची झळ या थडीला पोचली, पण त्या बाजारावर तिची सत्ता नव्हती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला; १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा होऊन कर्जखते जाळण्यात आली. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्याचे फलित होय.

लोहमार्ग आणि पाणी यांनी पुढे चित्र पालटले. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू होऊन दौंड हे उत्तर व दक्षिणेच्या वाहतुकीचा सांधा बनले. मुठा उजव्या कालव्याने आणि पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने दौंडच्या भागांत ऊस आणला. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या.

नाव मात्र मागे पडले. ब्रिटिश अमदानीत दक्षिण तीरावर भीमथडी नावाचा तालुका होता. आज तो भाग दौंड व बारामती या तालुक्यांत मोडतो. भीमथडी घोड्याच्या जातिनामात ते नाव टिकून आहे. व्यवहारातही थडीची एकता दिसते: सिद्धटेकचा गणपती अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात असला तरी पूल होण्यापूर्वी दौंडकडील भाविक नावेतून भीमा ओलांडून तेथे जात. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले, तेही याच थडीवर.

तालुक्याची सीमा शासन ठरविते. थडीची सीमा पाणी, बाजार व नातेसंबंध ठरवितात. म्हणून येथील बोलींचे सर्वेक्षण तालुकावार न करता दोन्ही तीरांवरील समोरासमोरच्या गावांच्या जोड्या घेऊन करणे अधिक युक्त ठरेल. नदीने बोली तोडली की जोडली, हे त्यातूनच निश्चित होईल; आणि एका लुप्तप्राय नावात एखादा देश अद्याप नांदतो आहे काय, याचाही निर्णय होईल.